डाव्या पेटीतली कॉफी

मित्रांनो, मी एक जुना घरघऱ्या आहे. हे माझं कागदोपत्री नाव नाही. कागदोपत्री मी कॉफी दळायचं हाताचं यंत्र. पण मी फिरायला लागलो की शेजारचं मांजर घर सोडून जातं, म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं. खाली लाकडी पेटी, तिला एक खण, वर लोखंडी वाटी आणि वाटीवर दांडा, एवढाच माझा संसार.

मला एका सुतारानं घडवलं. त्याचा हात फार सुबक होता आणि मोजमाप घेणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यामुळे माझा खण माझ्याच पोटात नीट मावत नाही. तो अडकतो. डाव्या बाजूनं एक थाप मारली की मुकाट्यानं उघडतो. मावशीच्या लग्नात तिच्या भावानं मला भेट दिलं. मावशी म्हणजे माझी मालकीण. ती सगळ्या गल्लीची मावशी आहे. गर्दीत हाक मारायची वेळ आली की तिचा नवराही 'मावशी' म्हणतो आणि मग दोन दिवस ऐकून घेतो.

आमच्या देशात कॉफी पिकते. टेकड्याच्या टेकड्या भरून पिकते. तेव्हा तुम्ही म्हणाल, घरघऱ्या, तुझी तर चंगळ. मलाही तसंच वाटलं होतं. मी तेव्हा लहान होतो.

मावशी कॉफीच्या कारखान्यात दाणे निवडायची. लांबलचक टेबल, पुढ्यात दाण्यांचा ढीग. टपोरा, निर्दोष दाणा उजव्या पेटीत. फुटका, किडका, काळा दाणा डाव्या पेटीत. उजवी पेटी जहाजात जायची आणि परदेशी लोक ती डोळे मिटून प्यायचे. डावी पेटी गावातल्या दुकानात यायची आणि आम्हीही ती डोळे मिटूनच प्यायचो, कारण वेगळं होतं. तिला जळक्या दोरखंडाची चव होती. शेवटी गावानं तो नाद सोडला आणि बहुतेक सगळे पुडीतल्या तयार पावडरीवर आले. ती पावडर जिथून यायची, त्या देशात बर्फ पडतो. कॉफीचं झाड तिथे चित्रातच बघायला मिळतं.

घरातली सून शाळेत भूगोल शिकवते. "आपल्या देशाची कॉफी जगप्रसिद्ध आहे," असं ती वर्गात सांगायची आणि घरी येऊन पुडी फोडायची. हे करताना ती माझ्याकडे बघत नसे.

मित्रांनो, माझ्या त्या दिवसांविषयी फार बोलवत नाही. माझ्यात मिरी दळली गेली. कुंडीतल्या झाडांसाठी अंड्यांची टरफलं दळली गेली. माझ्या खणात बटणं, मेलेली दोन घड्याळं आणि एक थर्मामीटर राहायला आला. खण अडकत असल्यामुळे थर्मामीटर काढेपर्यंत बहुतेकांचा ताप उतरलेला असायचा, एवढंच काय ते माझं समाजकार्य.

मग मावशीच्या निवृत्तीला दहा दिवस उरले. त्या संध्याकाळी ती जेवता जेवता सहज म्हणाली, "तीस वर्षं झाली. एवढे दाणे या बोटांतून गेले. एकदा तरी उजव्या पेटीतली कॉफी पिऊन बघायला हवी होती."

काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पाण्याचा पेला उगाच दोनदा उचलून ठेवला. काका कारखान्याचा ट्रक चालवतात. रोज उजव्या पेटीचा माल बंदरावर नेतात, तोही तीस वर्षं, आणि त्यांनीही तो चाखलेला नाही.

दोन दिवसांनी मुलगा सुट्टीवर आला. तो जहाजावर आचारी आहे. सुनेनं त्याला काहीतरी कळवलं असणार, कारण त्यानं पिशवीतून एक सुंदर डबा काढला. भाजलेले दाणे, परदेशी कंपनी, डब्यावर टोपी घातलेली हसरी बाई. मागे एक नकाशा आणि त्यात लाल ठिपका.

सून नकाशावर वाकली. "अहो, ही तर आपल्या मागची टेकडी."

"आणि ही बाई कोण?" मावशीनं विचारलं.

"कॉफी निवडणारी, आई," मुलगा म्हणाला.

"एवढी हसत? हिला मुकादम नाही वाटतं."

मित्रांनो, मला सकाळी पुसण्यात आलं. दांड्याला तेल मिळालं. मी घाबरलो होतो. दळायचं कसं हे आठवेल ना, अशी धाकधूक होती. मावशीनं डबा उघडला आणि दाणे ताटात ओतले. "एकदा नुसती नजर घालते," ती म्हणाली.

आणि तिची बोटं चालू झाली. ती बोलत होती मुलाशी, जहाजावर जेवण काय असतं वगैरे, आणि बोटं आपापली चालत होती. तासाभरानं उजवीकडे मोठा ढीग होता. तो तिनं पिशवीत भरला, कारखान्याची गाठ मारली आणि पिशवी दाराशी ठेवली. डावीकडे अकरा दाणे उरले होते. ते तिनं माझ्या वाटीत टाकले.

"घ्या," ती समाधानानं म्हणाली, "आता दळा."

मुलानं अकरा दाण्यांकडे पाहिलं. "आई, बाकीचे?"

"बाकीचे चांगले होते," मावशी म्हणाली. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

सगळे दाराकडे धावले. दाराशी पिशवी नव्हती. काकाही नव्हते. काका दोन तासांनी परत आले आणि टोपी काढून खुंटीला लावली.

"बाबा, दारातली पिशवी?"

"पोचवली की बंदरावर. गाठ बघितली, म्हटलं राहिलेला माल दिसतोय. जहाज सुटतच होतं." त्यांनी खिशातून पोचपावती काढून दाखवली. "का? काय झालं?"

"काही नाही," मुलगा म्हणाला. "दोन रात्री उशाखाली ठेवून आणली होती. बरी परत गेली."

अकरा दाण्यांची कॉफी चौघांनी चमच्यानं प्यायली. मावशी सगळ्यांत जास्त हसली. पण रात्री भांडी लावताना तिनं माझा दांडा एकदा रिकामाच फिरवला. मला ते कळलं.

शेवटचा दिवस आला. मुकादमानं एका नव्या बाईला मावशीच्या जागी बसवलं आणि मावशीला टेबलाच्या पलीकडे, तिच्या समोर. "म्हणजे तिला तुमचे हात नीट दिसतील." दिवसभर मावशीनं निवडलं. निरोपाला तिला कारखान्याच्या रीतीप्रमाणे डाव्या पेटीतली एक थैली मिळाली. ही थैली आजवर कोणी उघडलेली नाही. दार उघडं राहावं म्हणून लोक तिचं टेकण लावतात.

मावशीनंही ती दाराला लावली. पण सवय ती सवय. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यातल्या त्यात बरे निघतात का बघते." ताटात दाणे ओतले. उजवा हात चालू लागला. डावा हात ताटाच्या काठावर तसाच बसून राहिला, त्याला कामच मिळेना.

"अहो," तिनं काकांना हाक मारली, "यात वाईट दाणाच नाही."

"असं कसं? डावी पेटी आहे ना?"

मावशीनं डोळे मिटले आणि हवेत निवडून पाहिलं. मग ती म्हणाली, "मी आज पलीकडे बसले होते. माझी उजवी म्हणजे टेबलाची डावी."

"मग मी आज बंदरावर काय पोचवलं?" काकांनी विचारलं.

"फुटके, किडके, काळे."

"पण पोचपावती आहे," काका म्हणाले.

"मुकादमाला सांगायला हवं," मावशी म्हणाली.

"सांगा ना," सून तवा तापवत म्हणाली. "उद्या सांगा. आधी कप."

तिनं दाणे भाजले आणि मला दिले. मित्रांनो, काय सांगू? दाणे माझ्या दातांखाली कुरकुरीत फुटत होते आणि असा वास सुटला की शेजारचं मांजर आपण होऊन परत आलं. खण नेहमीसारखा अडकला. चौघांनी एकदमच थाप मारली. मावशीनं पहिला घोट घेतला आणि बराच वेळ कप खाली ठेवला नाही.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"तीस वर्षं बरोबर निवडलं मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चूक सांगायला कारखान्यात गेली. मुकादमाच्या हातात कप होता. "बसा मावशी," तो म्हणाला. "आज गावातल्या दुकानातून मागवली. दुकानदार घाबरलाय, लोक मालाची तारीफ करताहेत, म्हणतो काहीतरी बिघडलंय." मावशीनं सगळं सांगितलं. मुकादमानं कपात पाहिलं, संपवला, आणि म्हणाला की आपण पत्राची वाट बघू.

पत्र दोन महिन्यांनी आलं. परदेशी कंपनीनं लिहिलं होतं की या वेळच्या मालात एक दुर्मीळ, धुरकट, दोरखंडासारखी चव सापडली असून गिऱ्हाईक वेडं झालं आहे. कृपया यापुढे असाच माल पाठवावा.

तेव्हापासून टेबलाच्या पेट्यांची अदलाबदल झाली आहे. सून हे भूगोलात शिकवते, पण परीक्षेला विचारत नाही.

मित्रांनो, माझं आता वय झालं. तरी रोज सकाळी घरघरतो. तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी माळ्यावर असेल, तर त्याला अंड्यांची टरफलं घालू नका, दांड्याला थेंबभर तेल घाला. आणि चांगलं ते सगळं बांधून दाराशी ठेवू नका. कोणीतरी सवयीनं ते पोचवून येतं. निदान अकरा दाणे आपल्या वाटीत टाका.

खण अडकला, तर डावीकडून थाप.