रिकामे कॉल

मदत केंद्रात येणारा फोन आधी यंत्र ऐकायचं. आवाजाचे बारीक तुकडे करायचं, कुठला तुकडा कुठल्या अक्षराचा याचा अंदाज बांधायचं, पुढचा शब्द बहुतेक कुठला ते ठरवून वाक्य लिहायचं. अंदाज बसला नाही की रिकामा कॉल म्हणून तोडून टाकायचं. श्वास म्हणजे कचरा, हे त्याला तिथे कामाला असलेल्या थोरलीनेच शिकवलेलं. तीन वर्षं कानाला हेडफोन, श्वास आला की 'गोंगाट'चं बटण.

घरी मात्र याच बाईला श्वासाची भाषा यायची. अर्धांगाच्या झटक्यात आईची वाचा गेली होती. एक लांब श्वास म्हणजे पाणी. दोन तुटक, एक लांब म्हणजे इकडे ये.

आई गेली तेव्हा थोरली कामावर होती. "झोपेतच गेली, सुटली बिचारी," धाकटा भाऊ म्हणाला. तिनेही तेच उराशी धरलं.

महिन्याभराने तिच्याकडे तपासणीला एक रिकामा कॉल आला. नंबर घरचा, तारीख आई गेली त्याच दिवसाची. दोन तुटक, एक लांब. पुन्हा तेच. नवव्या सेकंदाला यंत्राने फोन तोडला होता.

ज्याला सगळ्या जणी मुकादम म्हणत, तो साहेब मागे येऊन उभा राहिला.

"काय गं, एकाच कॉलला चिकटलीस? रिकामा आहे. पूस नि पुढे चल."

"आई आहे ती माझी."

"असेल बाई. पण यात शब्द कुठाय?"

"यंत्राला बहिरं मी केलं. तुम्हाला कोणी केलं?"

पुसला असता तर आईचं झोपेतलं मरण शाबूत राहिलं असतं. तिच्यासाठी नि भावासाठीही. तिने चौकटीत लिहिलं, 'इकडे ये'. बटण दाबलं.

यंत्राने दुरुस्ती मुकाट गिळली आणि तसल्याच आवाजाचे जुने कॉल शोधून पुढ्यात ओतले. दोनशे बारा. सगळ्यांवर 'गोंगाट', खाली शिक्का तिचाच.

"आता हे काय उकरून काढलंस!" मुकादम ओरडला.

तिने पहिला लावला. कुणा पुरुषाचा श्वास, मागे वाहता नळ. चार वेळा ऐकूनही तिला काही कळेना. त्याच्या घरची भाषा तिला कुठून यावी? तिने खालचा नंबर फिरवला.

"हॅलो, कोण?" पलीकडे एक म्हातारी होती. "अहो, कोण बोलतंय? बोला ना!"

थोरलीने तोंड उघडलं. पलीकडे नुसताच श्वास गेला.