तीन अँपिअरांचं घर

“मावशी, मुलगा कुठला गेम खेळतो?” दुकानदारानं विचारलं.

“मुलगा नाही, मी खेळते,” विदादताई म्हणाली.

मुहन्नद नावाच्या त्या दुकानदारानं आधी तिच्या पायघोळ काळ्या अबायाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ऑगस्टची दुपार, बगदादमधली कॉम्प्युटरवाल्यांची गल्ली, आणि साठीला टेकलेली माझी बहीण स्टुलावर ऐसपैस बसून ग्राफिक्स कार्ड मागत होती. धाकट्या भावानं गाडी चालवायची आणि पिशव्या धरायच्या, हे आमच्या घरी लहानपणीच ठरलंय.

तिचा एकुलता एक सरमद फिनलंडमध्ये असतो. फोनवर तो दोन वाक्यांत संपतो. मी बरा आहे, तू जेवलीस का, झालं. पण जाताना त्यानं आपला जुना कॉम्प्युटर आईसाठी ठेवला आणि तिला एक खेळ शिकवला. दोघांनी मिळून शेत करायचं, झाडं लावायची, कोंबड्या राखायच्या. तो तिकडून खेळतो, ही इकडून. हात कामात असले की सरमद बोलतो. थंडीबद्दल, कामावरच्या माणसांबद्दल, एकदा तर एका मुलीबद्दलही. गेल्या महिन्यात खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुन्या कार्डानं हात टेकले. चित्र अडकायचं, मग आवाजही जायचा. तेव्हापासून पुन्हा तीच दोन वाक्यं. ताईचं जेवणातलं लक्षच उडालं होतं.

मुहन्नदनं सगळ्यात मोठं कार्ड काढलं, तीन पंख्यांचं. “हे न्या. पुढची कित्येक वर्षं बघायला नको.”

“खातं किती?”

“काय?”

“वीज रे बाबा. वीज किती खातं?”

“ताई, कार्ड बघतेस की सून?” मी म्हटलं.

“सून खाऊ दे हवं तेवढं. घरात जनरेटरचे तीन अँपिअर आहेत.”

यावर मुहन्नद गंभीर झाला. ही भाषा आमच्याकडे सगळ्यांना कळते. सरकारी वीज गेली की गल्लीतल्या जनरेटरची तार, आणि त्यातून जेवढे अँपिअर घेतलेत तेवढ्यातच दिवे, फ्रिज आणि कूलर बसवायचा. जरा जास्त ओढलं की खटका पडतो. मुहन्नदनं ते धूड मुकाट्यानं परत ठेवलं आणि एक लहानसं कार्ड पुढे केलं.

“हे अगदी कमी खातं. चित्र तेवढं जरा धुरकट दिसेल.”

“धुरकट नको. तो म्हणतो, आई ते बघ, आणि मला ते दिसायला हवं.”

मग त्यानं एक वापरलेलं कार्ड दाखवलं. ताईनं ते नाकाशी नेलं, माशाचे कल्ले बघावेत तसं पंख्यांच्या आत डोकावून पाहिलं आणि परत दिलं. “शिळं आहे.”

मुहन्नद हसला. “मावशी, तुम्ही माझ्याकडे कामाला या.” शेवटी त्यानं मधलं कार्ड काढलं, दोन पंख्यांचं. “चित्र स्वच्छ दिसेल. पण जनरेटरवर असताना घरातलं काहीतरी बंद ठेवावं लागेल.”

“फ्रिज ठेवीन बंद तासभर,” ताई म्हणाली. निघताना त्यानं रीतीप्रमाणे ‘पैसे राहू द्या’ म्हटलं आणि तिनं रीतीप्रमाणे ते ऐकलं नाही.

वाटेत मी म्हटलं, “दाजींना विचारलंस का, बसेल का एवढं?”

“सरमदच्या खेळासाठी त्यांना विचारू?” ती म्हणाली. तौफीकदाजींचा जन्म वीज खात्यात गेला. त्यांनी दहा जणांचे उंबरे झिजवून सरमदला त्याच खात्यात चिकटवलं होतं, आणि रुजू व्हायच्या दिवशी हा पठ्ठ्या विमानात बसला. त्या दिवसापासून बाप मुलाशी बोललेला नाही, त्याचं नावही घेत नाही. पण आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. त्यामुळे भाजीवाल्यापासून मशिदीतल्या शेजाऱ्यापर्यंत अख्खी गल्ली त्यांना ‘अबू सरमद’, म्हणजे सरमदचा बाप, म्हणून हाक मारते आणि दाजींना ओ द्यावी लागते. मला कधी त्यांची दया येई, कधी रागही येई.

संध्याकाळी कार्ड मी बसवलं. दाजी आमच्याकडे पाठ करून कूलरसमोर बसले होते. पडद्यावर शेत उजळलं आणि ताईच्या तोंडून नुसतं ‘अगं बाई’ निघालं. पान न् पान दिसत होतं.

“आई, दिसतंय का? डाळिंबाला फुलं आलीत बघ.” सरमदचा आवाज खोलीभर झाला. ताईला हेडफोन सोसत नाही.

“दिसतंय रे राजा. सगळं दिसतंय.”

आणि सरकारी वीज गेली. जनरेटरची तार लागली, क्षणभर सगळं उजळलं, कूलरनं आचका दिला आणि खटका पडला. फ्रिज बंद करूनही तीन अँपिअरांत हे मावत नव्हतं. अंधारात ताई म्हणाली, “माझाच हिशोब चुकला. उद्या परत करते. ते धुरकटच आणते.”

दाजी उठले. चाचपडत भिंतीपाशी गेले, कूलरची पिन काढली, खटका वर केला. मग आपली खुर्ची उचलून अंगणात निघून गेले. बाहेर उकाड्याची भट्टी पेटली होती. ताईनं कॉम्प्युटर पुन्हा चालू करून शेत उघडलं.

“आई, कुठे गेली होतीस?”

“खटका पडला होता.”

“मग आता कसं चाललंय?” तो त्याच घरात वाढलेला. ते तीन अँपिअर त्याला तोंडपाठ. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “कूलर बंद केलास? बाबा कुठे आहेत?”

“बाहेर बसलेत.”

“आई, बंद कर हे. त्यांना कूलर लाव. आपण नंतर कधीतरी खेळू.”

ताईचा हात माऊसवरून निघाला. तेवढ्यात खिडकीच्या गजांवर बाहेरून टकटक झालं.

“चालू राहू दे,” दाजी म्हणाले. ताईला म्हणाले. पण खिडकी उघडी होती.

पडद्यावर सरमदचा शेतकरी डाळिंबापाशी जाऊन उभा राहिला. मग सरमद म्हणाला, “आई, डाळिंबाला पाणी घाल आधी.”

मला तिथे बसवेना. मी थंड पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेलो. दाजींनी खुर्ची खिडकीच्या अगदी खाली सरकवली होती. सदरा पाठीला चिकटलेला, मानेवर ओला टॉवेल. आत सरमद सांगत होता की तिथे उन्हाळ्यात लोक रानात जाऊन फळं वेचतात आणि कुणी हटकत नाही. मी तांब्या पुढे केला, तर त्यांनी हातानंच थांब म्हटलं. ऐकत होते.

फाटकाबाहेरून शेजारचा यूनिस जात होता. खुर्ची बघून थांबला.

“अबू सरमद, एवढ्या उकाड्यात बाहेर का बसलात?”

“हळू बोल,” दाजी म्हणाले. “आत सरमद आलाय.”