दोन जावा, एक कॉम्प्युटर

घरात कॉम्प्युटर एक होता आणि जावा दोन. धाकटीचा नवरा एकदा म्हणाला, "लोकांच्या कॉम्प्युटरला ती जावा नावाची एक भाषा पेलत नाही, आमच्याकडे दोन जावा आहेत." दोघींनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की हा विनोद त्यानं पुन्हा केला नाही.

थोरली भरतकामाच्या मशिनसाठी नक्षी करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशिन आणि बाजूच्या टेबलावर कॉम्प्युटर. ती पडद्यावर वेली, हत्ती काढायची, दोऱ्याचे रंग ठरवायची, ते सगळं पेनड्राइव्हवर घेऊन मशिनला लावायची, आणि मशिन खडखडत तेच कापडावर उतरवायचं. तिचं सॉफ्टवेअर जुनं, फक्त विंडोजवर चालणारं. धाकटी अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. तिच्या संस्थेत सगळं काम लिनक्स या वेगळ्या सिस्टिमवर चालायचं आणि आता तिला घरूनही काम करायचं होतं.

"तुझी ती सिस्टिम इथे आली तर माझी कुठे जाणार?" थोरलीनं विचारलं.

"कुठेच नाही, ताई. एकाच डिस्कवर दोन्ही राहतील. मध्ये फक्त भिंत घालायची."

"भिंत!" सासूबाई पेपरामागून म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. एका शब्दात वर्ग गप्प करण्याची सवय अजून सुटली नव्हती.

धाकटीनं आधी थोरलीच्या सगळ्या नक्ष्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून तिच्या हातात दिली. मग पडद्यावर वाटणीची पट्टी आली. माउसनं सरकवली की एकीची जागा वाढायची, दुसरीची घटायची.

"बस, बस! एवढी जागा कशाला हवी तुला? नुसतं तर बोलायचंय."

"आवाजाच्या फाइल मोठ्या असतात, ताई."

"माझे हत्ती काय लहान असतात?"

शेवटी पट्टी बरोबर मधोमध आली. दोघींनाही आपल्याला कमी मिळाल्यासारखं वाटलं, तेव्हा धाकटीनं होकाराचं बटण दाबलं. लिनक्स बसलं, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि थेट लिनक्सच उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा लिनक्स. कुठली सिस्टिम हवी, हे विचारणारी यादी काही आलीच नाही.

"माझं विंडोज कुठंय?" थोरलीचा आवाज चढला.

मशिनवर नाटकमंडळींचा अंगरखा ताणून बसवलेला होता. त्यावर राजाचा सिंह अर्धाच झाला होता. जबडा होता, मिशा होत्या, पण आयाळ नव्हती. मुळातली आयाळ मंडळींना फारच विरळ वाटली होती, ती दाट करून द्यायची होती आणि उद्या प्रयोग होता.

"अहो, आपण फार हुशार आहात," थोरली म्हणाली. ती रागावली की धाकटीला अहो-जाहो करायची. "प्रत ठेवलीत ना माझ्या हातात? आता ती उघडू कशात? पोळपाटावर?"

धाकटीनं घाईघाईनं लिनक्समधूनच डिस्क चाळायला घेतली. एका कप्प्यात विंडोजच्या फाइल दिसल्या. त्यात नक्ष्यांचं फोल्डर आणि फोल्डरमध्ये सिंह.

"ताई, हे बघा! सगळं जागच्या जागी आहे."

थोरली वाकून बघू लागली. "अगंबाई, हा माझाच सिंह. तुझ्या बाजूनं माझं घर दिसतं होय?" अहो गेलं, अगं आलं. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

"विंडोज आहे, पण सुरुवातीची यादी करणाऱ्या प्रोग्रॅमनं त्याचं नावच घेतलेलं नाही. त्याला दुसरी सिस्टिम शोधायला सांगावं लागतं."

हा उपाय तिनं मोबाइलवर शोधला, पण मोबाइल धरू की टाइप करू अशी गत झाली. मग थोरलीनं मोबाइल घेतला आणि त्यातली सेटिंगची ओळ एकेक अक्षर वाचून दाखवू लागली.

"जी, आर, यू, बी, मग रेघ."

"आडवी की तिरकी?"

"आडवी. पण जमिनीवर लोळणारी."

"सुरुवातीला जाळीसारखं चिन्ह आहे का?"

"तुझ्या पडद्यावर आहे, माझ्या मोबाइलवर नाही."

"तेच तर! त्या चिन्हामुळे कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. ते पुसायचंय." धाकटीनं पुसलं, यादी नव्यानं करण्याचा हुकूम दिला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. काळ्या पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक उभी राहिली. थोरलीनं विंडोज निवडलं आणि तासाभरात सिंहाला अशी आयाळ फुटली, की अंगरख्याची कॉलर झाकली गेली.

संध्याकाळी नवा तंटा. यादीत लिनक्स वर होतं आणि थोडा वेळ कुणी काही निवडलं नाही, तर वरचं आपोआप उघडायचं.

"म्हणजे मी चष्मा शोधेपर्यंत तुझं उघडणार?"

"तुमचं वर ठेवते."

"नको. मग म्हणशील, थोरलेपणाचा तोरा मिरवते."

सासूबाईंनी पेपराची घडी घातली. "कुणीतरी बटण दाबेपर्यंत त्याला गप्प उभं राहायला सांगता येत नाही का?"

सांगता येत होतं. धाकटीनं तसं सांगितलं आणि कॉम्प्युटर मुकाट्यानं उभा राहायला शिकला.

पुढे बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. एका दुपारी धाकटी संस्थेतून लवकर परतली, तर पुढच्या खोलीतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. पडद्यावर लिनक्स उघडलेलं, मशिन खडखडतंय आणि थोरली हातात कात्री घेऊन ऐकत बसलेली. धाकटीला पाहताच ती दचकली.

"चुकून उघडलं."

"ताई, ते चुकून उघडत नाही."

"बरं बाई, मुद्दाम उघडलं. तू वाचायचीस ते स्वयंपाकघरात तुटक तुटक ऐकू यायचं. तो खलाशी बेटावरून परत आला की नाही, एवढंच बघायचं होतं." थोरली गोरीमोरी झाली, पण लगेच सावरली. "आणि तू ऐन वादळात थांबली आहेस."

"पुढचं अजून वाचलंच नाही मी."

"मग उभी काय राहिलीस? हातपाय धू आणि वाच की!"

"मशिनचा आवाज येतो रेकॉर्डिंगमध्ये."

थोरलीनं मशिन बंद केलं, खुर्ची ओढून जवळ आणली आणि तोंडावर बोट ठेवून बसली.