आवाजाच्या बटणातलं कुंकू

टक्.

दुपारी तीनच्या सुमाराला, घरात सगळं चिडीचूप असताना कुणीतरी माझं चालू करायचं बटण दाबलं. मी दारामागं चपलांच्या शेजारी पडलो होतो, वायर पोटाभोवती गुंडाळलेली. वीजच नाही, तर बोलणार काय? ते बोट थोडा वेळ तसंच थांबलं. मग पुन्हा एकदा, टक्.

बोट आबांचं होतं. वायर भिंतीत खोचलेली नाही, हे त्यांना दिसलं नव्हतं.

मित्रांनो, मी जुन्या पद्धतीचा रिसिव्हर. मला अ‍ॅनालॉग म्हणतात. पोटातल्या रेडिओचा, बाहेरच्या टेपचा, टीव्हीचा बारीकसा आवाज माझ्याकडे येतो, तो मी मोठा करून स्पीकरकडे पाठवतो. एवढंच माझं काम. आवाज लाटेसारखा येतो आणि लाटेसारखाच जातो, मधे मी त्याची मोडतोड करत नाही. कृष्णात आबा गारगोटीच्या एका टॉकीजमध्ये सिनेमा चालवायचे. टॉकीज बंद पडली, कळंब्याला घर झालं, तेव्हा "घरात तरी टॉकीज पायजे की!" म्हणत त्यांनी मला आणलं. सुरुवातीची वर्षं काय थाटाची होती! रविवारी अख्खी गल्ली आमच्या खोलीत मावायची. "आबा, आवाज लई गोड हाय बगा," असं कुणी म्हणालं की माझी सुई जरा जास्तच हलायची.

पण तेव्हाही किळस होतीच. भडंग खाऊन तेलकट झालेली बोटं पुसायला लोकांना माझंच अंग सापडायचं. पुढं माझ्या पोटात झुरळांनी संसार मांडला. रात्रंदिवस त्यांची सळसळ सोसायची म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मग काचबिंदूनं आबांची नजर नेली. आता त्यांना फक्त उजेड आणि सावली कळते. बँकेत जाणं, भाजी आणणं, नातीला शाळेत सोडणं, एकेक काम त्यांच्या हातून सुटलं. दोनच गोष्टी उरल्या. एक, रेडिओवरच्या संध्याकाळच्या बातम्या, ज्या ते माझं गोल बटण फिरवून, कुणाला हाक न मारता ऐकायचे. आणि दुसरी, खंडेनवमीची पूजा. त्या दिवशी कोयता, विळी, शिलाई मशीन, मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू आबाच लावतात.

गेल्या खंडेनवमीला माझीही पाळी आली. आबांनी कुंकू पाण्यात कालवलं होतं, जरा जास्तच पातळ. त्यांच्या हाताला माझ्यावरची सगळ्यात सवयीची जागा म्हणजे आवाजाचं गोल बटण. पाची बोटं त्यांनी तिथंच टेकवली. वर अक्षता टाकल्या, त्या झाकणाच्या फटींतून पोटात गेल्या. ओघळ बटणामागं उतरला. माझ्या आतून शिसारी उठली, पण ते हात जोडून उभे होते. त्यांच्यावर कसा चिडू?

दुसऱ्या दिवसापासून मी खरखरू लागलो. बातम्या लावल्या की घशात वाळू भरल्यासारखा आवाज. माझीच मला घाण वाटायची.

"आबा, ह्यो डबा आता भंगारात," त्यांचा मुलगा धैर्यशील म्हणाला. दिवाळीला तो नवा डिजिटल रिसिव्हर घेऊन आला.

डिजिटलबद्दल खोटं बोलणार नाही. तो आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो, प्रत्येकाला अंक देतो आणि मग पुन्हा जुळवतो. त्यामुळं खरखर नाही, कुजबूजसुद्धा स्वच्छ. पाच स्पीकर खोलीभर ठेवले, की हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं. हे मला या जन्मी जमायचं नाही. पण त्याला बटणंच नाहीत! सगळं रिमोटवर, आणि रिमोटनं काय निवडलं ते टीव्हीच्या पडद्यावर वाचायचं. आबांनी काय वाचायचं?

पावणे आले की धैर्यशील त्यांना बाँबस्फोट ऐकवायचा. खिडक्या थडथडायच्या, सगळे "वाऽ" म्हणायचे. कोपऱ्यात आबा हात मांडीवर ठेवून बसलेले. सात वाजून जायचे, बातम्या होऊन जायच्या. कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. झुरळांची आली नव्हती एवढी किळस मला त्या "वाऽ"ची आली.

आता त्या दुपारकडं येतो. दुसऱ्यांदा टक् झालं तेव्हा धैर्यशीलची बायको अनुजा स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबीर निवडत उभी होती. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"मामा, काय पायजे?"

"कुठं काय? धूळ बसलीय का बगतोय."

आबा आडवे झाले तसं तिनं मला लेकीच्या, तेजस्वीच्या, तान्हेपणीच्या दुपट्यात गुंडाळलं आणि स्कूटरवर पायाशी ठेवलं. सहा वर्षांची तेजस्वी मागं बसली. धैर्यशील यायच्या आत परतायचं होतं. उद्या रविवार होता, आणि भंगारवाला रविवारीच येतो.

दुरुस्तीवाल्या शशिधरनं माझं झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, ह्यो रिसिव्हर हाय का देऊळ? अक्षता काय, कुंकू काय! आणि हे बगा, झुरळाची अंडी. नैवेद्यबी हाय."

"शी!" तेजस्वी आईमागं लपली.

"बिघडलंय काय पण?" अनुजानं विचारलं.

"काय न्हाय. ठणठणीत गडी हाय. आवाजाच्या बटणात कुंकू वाळलंय, म्हणून खरखरतोय." त्यानं ब्रशनं आणि फवाऱ्यानं माझा घसा धुतला. "जुनं म्हणून निभावलं. नव्या डिजिटलच्या आत असलं पाणी गेलं असतं, तर आख्खा बोर्ड गेला असता."

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आमची पूजा करायचीच असेल, तर आधी आमच्या अंगावरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा. आमच्या फटी म्हणजे आमची नाकं, त्यांच्यावर फुलं ठेवू नका. आणि घरातल्या एखाद्याला नवं यंत्र लावता येत नसेल, तर "वाऽ" म्हणायच्या आधी एकदा त्याच्या कोपऱ्याकडं बघा.

संध्याकाळी अनुजानं मला आबांच्या खाटेशेजारी मांडलं, माझे जुने स्पीकर जोडले, वायर खोचली. धैर्यशील आला आणि बघतच राहिला. "आगं, ह्यो भंगारात देणार होतो की!"

"आवाज ऐका आधी," ती म्हणाली.

आबांचा हात सरकत सरकत बटणावर आला. मी एकदाही खरखरलो नाही. बातम्या सुरू झाल्या. आबांनी आवाज थोडा कमी केला, थोडा वाढवला, पुन्हा कमी केला. उगाचच.

"काय निघालं गं आत?" त्यांनी विचारलं.

तेजस्वीनं तोंड उघडलं. अनुजानं तिच्याकडं बघितलं, तसं तिनं ते मिटलं.

"धूळ, मामा. नुसती धूळ."

"मग बरं. मला वाटलं, म्हातारा गेला." आबा हसले. "आता पुढच्या खंडेनवमीला झकास पूजा करतो. नव्याचीबी करायची हां! त्यो तरी का सुना ऱ्हायचा?"

धैर्यशील हात धुवायला आत गेला. अनुजा दुपट्याची घडी घालत माझ्यापाशीच उभी राहिली. तेजस्वीनं तिची ओढणी ओढली आणि आबांना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात विचारलं, "आई, मग तवा आबांना कुंकू द्यायचं, का लपवून ठेवायचं?"