परक्या आईचा दगड

ही गोष्ट दोन हजार एकोणीसच्या वैशाखातली. खोडाळ्यापलीकडच्या एका डोंगरपाड्यावर, पोशीच्या शेतात पाण्याची टाकी उभी राहिली, त्या सालची. भाताचं रोप करायला तिची तेवढीच एक चांगली जागा होती. ती तिने टाकीसाठी देऊन टाकली. खालच्या झऱ्यावरून हंडे घेऊन चढताना तिची लेक चैती घसरून खडकावर पडली होती, ती पुन्हा उठलीच नाही. तेव्हापासून तो उतार दिसला की पोशीचं डोकं भणभणायचं.

गेलेल्या माणसाचा दगड कोरून शेताच्या कडेला बसवायचा, सोयरेधायरे बोलवायचे, आणि मग घरच्यांनी दरसाल त्याच्यापुढे घास टाकायचा, ही तिकडची जुनी रीत. शेतीची कामं उरकली की उन्हाळ्यातच हे व्हायचं. पण उन्हाळ्यात पाव्हण्यांना पाणी पाजायचं कुठून? चैतीचा दगड कोरून तयार होता आणि पडवीत पडून होता. यंदा नळ आला की पोरीला बसवायची, असं पोशीने मनाशी धरलं होतं.

टाकी बांधत होती जव्हारची एक छोटी संस्था. संस्था म्हणजे प्रमिलाताई, तिची स्कूटर आणि नळजोडणी करणारा फारुख. पाइप पुरून झाले होते. फक्त पंप यायचा होता.

तो मुंबईहून देणगीदारांच्या गाडीतून आला. पंपाबरोबर गोणपाटात गुंडाळलेला एक संगमरवरही उतरला. त्यावर एका म्हातारीचा फोटो, खाली नाव.

"ही कोन?" पोशीने विचारलं.

"माझी आई," देणगीदार म्हणाले. "मागच्या वर्षी गेली. दारावर आलेल्याला पाणी दिल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. तिच्या नावाने हे पाणी."

"चांगली होती मग. पर माझे शेतात कशाला बसवता तिला?"

"बसवत नाही हो मावशी, नुसती पाटी आहे."

"दगड हाय, नाव हाय, तोंड हाय. मेलेल्याला बसवतात ते आनखी कसं?" पोशीचा आवाज चढला. "आनि माझी पोर पडवीत पडलीय तिचं काय? पान्यापायी मेली ती. तिच्या आदी ही पानी पिनार?"

प्रमिलाताईने तिला बाजूला ओढलं. "पोशीबाई, लावू दे ना. त्यांची अटच आहे ती."

"तुला ठाव होतं?"

प्रमिलाताईने मान डोलावली.

"माझे चुलीशी बसून भाकर खाल्लीस, आनि एवढं तोंडातून निघालं नाय?"

पोशीची शेजारीण पुष्पा रिकामा हंडा घेऊन उभी होती. ती ओरडली, "लावू दे की तो दगड! इथं कंबर मोडली आमची. तुला मेलेल्यांचं पडलंय!"

"तू उगी राहा, पुष्पे!"

देणगीदारही तापले. "पाटी नाही, तर पंपही नाही. सांगून ठेवतो."

आता सगळे पोशीकडे बघू लागले. मग ती म्हणाली, "लावा. पर रीतीनं. तुम्ही लेक ना तिचे? दरसाल या. इथं भुईला बसा, तुमचे हातानं घास टाका. भाकर मी घालीन तुम्हाला."

"दरवर्षी मला कसं जमणार?" ते हसले. "खर्च पाठवत जाईन. तुम्हीच करा काय ते."

त्या हसण्याने पोशी पेटली. "आई तुमची, आनि तिला जेवू मी घालू? मोलानं? उचला! दगड उचला, पंप उचला, माझे शेतातून निघा!"

फारुखने हात जोडले. "साहब, पंप तो रहने दो. उन्हाळा आहे."

गाडीचं दार आपटलं. दगड गेला, पंपही गेला. पुष्पाने हंडा पोशीच्या पायाशी फेकला आणि ती थुंकली.

त्याच उन्हाळ्यात पुष्पा उतारावर पडली आणि तिचा पाय मोडला. पोशीने पावसापर्यंत तिच्या घरी पाणी भरलं. पुष्पा ते प्यायली, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही.

पुढे ऐकलं ते असं, की देणगीदारांनी दुसऱ्या कुठल्या गावी पाटी लावली. ते तिकडेही पुन्हा फिरकले नाहीत. टाळेबंदीनंतर प्रमिलाताईने दारोदार फिरून बिनपाटीचा पंप मिळवला. पोशीची माफी तिने मागितली, पोशीने ती दिली नाही. भाकर मात्र दिली. फारुखने पंप बसवला. आता त्याचं जव्हारला दुकान आहे. पंप बसला त्या वैशाखात चैतीला बसवली, पाव्हणे पोटभर पाणी प्यायले.

पोशी आणि पुष्पा दोघी आहेत अजून. पुष्पा लंगडत नळावर येते, हंडा मधेच घुसवते, आणि दोघींची रोज जुंपते.