दोन्ही काटे सारखे

चाकं आत गेली आणि विमानाचं नाक डावीकडे ओढलं गेलं. सुनेने उजवा पाय शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, वळवणाऱ्या पेडलवर रोवला. नाक सरळ झालं, पण विमान काही वर चढेना.

"डावं इंजिन गेलं," ती म्हणाली.

"चालू आहे. काटा बघ," शेजारच्या सीटवरून सासरे म्हणाले. "रडरचं काहीतरी असेल."

डावं इंजिन त्यांनी स्वतः उघडून पुन्हा जुळवलं होतं. हँगरमध्ये दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. चाचणीच्या उड्डाणाला सूनच वैमानिक म्हणून आली, तेव्हा तर स्वारी भलतीच खूश होती.

दाबाचे दोन्ही काटे खरोखरच सारखे होते. पण तो काटा इंजिनात हवा किती दाबाने भरतेय एवढंच सांगतो. इंधन तुटलं तरी समोरच्या वाऱ्याने पंखा फिरत राहतो, त्याच्यासोबत इंजिन आणि हवा कोंबणारा सुपरचार्जरही फिरतो, आणि काटा जागचा हलत नाही. ताकद मात्र शून्य, वर तो पंखाच विमानाला मागे खेचतो. हे सासऱ्यांनीच तिला जेवणाच्या टेबलावर पेले मांडून शिकवलं होतं. आज नेमकं त्यांनाच ते आठवायचं नव्हतं.

"बाबा, सगळा जोर उजव्या पायावर आहे. डाव्याची पाती वाऱ्याला समांतर वळवून पंखा थांबवते."

"थांब. चालतं इंजिन बंद केलंस तर दोघेही जाऊ."

तेही खोटं नव्हतं. लग्न झाल्यापासून तिने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. खाली गोदामांची छपरं जवळ येत होती.

"मग डावा थ्रॉटल तुम्हीच मागे घ्या. फरक पडला तर तुमचं खरं."

त्यांनी ताकद कमी-जास्त करणारा तो दांडा हळूहळू पार मागे ओढला. आवाज बदलला नाही, तिच्या पायावरचा जोरही नाही. मग तिने सांगायच्या आत त्यांनीच पाती वळवली आणि डावा पंखा थांबला.

विमान रडतखडत वर चढलं. एका इंजिनावर वळसा घालून तिने ते धावपट्टीवर उतरवलं. दोघंही जागची हलली नाहीत.

"माझ्या कामावर तुला आधीपासून शंका होती?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही हो, बाबा. दुसऱ्या कुणी जुळवलेलं असतं तर मी इतका वेळ थांबलेच नसते."

हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. सीटच्या पट्ट्याचं बक्कल त्यांना काही केल्या सुटेना.