साडेचारचा गजर

मित्रांनो, मी एक जुनं, किल्लीचं, गजराचं घड्याळ आहे. डोक्यावर दोन घंटा, त्यांच्यामधे इवलासा हातोडा आणि पाठीवर दोन किल्ल्या, एक चालायची आणि एक वाजायची. माझी तबकडी पिवळी पडली आहे. एक पाय कधीच तुटला, त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाहीच, पण हल्लीची माझी तगमग वेगळी आहे. आमच्या घरातून एक अर्ज गेला आहे आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

कारखान्यात एका बाईनं मला वाजवून पाहिलं, कान दिला आणि मान डोलावली. मग मी फौजेच्या कँटीनमधल्या कपाटात जाऊन बसलो. तिथून तोफखान्यातल्या एका तरुण शिपायानं मला उचललं. त्याचं नाव शालिग्राम, गाव अमडापूर. त्याच्या काळ्या ट्रंकेत बसून मी फार फिरलो. राजस्थानात माझ्या चाकांच्या दात्यांत वाळू गेली, आणि बर्फात तर तेल गोठून मी रोज वीस मिनिटं मागे पडायचो. तरी पहाटे साडेचारला मी वाजणार म्हणजे वाजणारच. माझा तिसरा ठोका पडायच्या आत शालिग्रामचा हात माझ्या डोक्यावर यायचा. बाकीची बराक मला शिव्या द्यायची, आणि मला त्याचाही अभिमान वाटायचा.

तोफांच्या सरावाच्या दिवसांत तो कानांत कापूस कोंबून जायचा. संध्याकाळी परतल्यावर कानात पाणी गेल्यासारखं डोकं झटकत बसायचा. हळूहळू त्याचा हात पाचव्या ठोक्याला यायला लागला, मग दहाव्याला. मी मनात म्हटलं, गडी आळसावला. मित्रांनो, किती मूर्ख होतो मी!

त्याच सुमारास चढणीवर तोफेचं चाक घसरलं आणि त्याचा गुडघा कायमचा अधू झाला. गुडघ्याची कागदोपत्री नोंद झाली, म्हणून निवृत्तीनंतर त्याला अपंगत्वाची पेन्शन मिळते. कानाची नोंद मात्र कुठेच नाही. त्याची गोष्ट मी पुंजाजीच्या तोंडून ऐकली. हा सुलतानपूरचा पुंजाजी त्याच्याच पलटणीतला. घरी जायच्या वेळी शेवटची तपासणी होती. डॉक्टर सहा पावलं मागे उभा राहून कुजबुजायचा आणि जवानानं तेच शब्द परत म्हणायचे. पुंजाजी रांगेत पुढे होता. बाहेर येऊन त्यानं शालिग्रामला शब्द सांगून टाकले, बयासी, चौंतीस, घोडा. शालिग्रामनं आत जाऊन ते धडाधड म्हणून दाखवले. कान उत्तम, तक्रार नाही, असा शिक्का बसला. कान वाईट निघाला तर दवाखान्यात महिनाभर अडकवून ठेवतील, ही भीती. घरी जायची घाई प्रत्येकालाच असते.

अमडापूरला मला खिडकीजवळच्या फळीवर जागा मिळाली. शेतातली मोटर पहाटे सुरू करायची म्हणून गजर साडेचारचाच राहिला. पहिल्याच हिवाळ्यात एके दिवशी मी स्प्रिंग संपेपर्यंत वाजलो आणि शालिग्राम शांत झोपून राहिला. पलीकडच्या खाटेवरून पंचफुला उठली, त्याची बायको. तिनं त्याच्या पायाचा अंगठा हळूच दाबला आणि पाठ फिरवून चुलीकडे गेली. तो उठून बसला, मला टपली मारली आणि खूश झाला. त्या दिवसापासून रोज तेच. आल्यागेल्याला तो सांगायचा, आपलं घड्याळ एका हाकेत उठवतं. आणि मित्रांनो, ती स्तुती मी मुकाट्यानं गिळत राहिलो. खरं सांगायला मला तोंड नव्हतं, हे खरं. पण असतं तरी सांगितलं असतं का, याची मला शंका आहे.

मागच्या वर्षी शेताच्या रस्त्यावर एक ट्रक त्याच्या मागून हॉर्न वाजवत आला. शालिग्राम काही बाजूला होईना. शेवटी ट्रकच खड्ड्यात उतरला. हे ऐकून त्याची मुलगी अनुपमा हादरली. ती बुलढाण्याला एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते. तिनं माजी सैनिकांच्या कार्यालयात चौकशी केली. तोफांमुळे कान गेला असेल तर त्यासाठी वेगळा दावा करता येतो, वैद्यकीय बोर्ड बोलावतं, मंजूर झाला तर पेन्शन वाढते आणि कानाचं यंत्रही मिळू शकतं, असं तिला सांगण्यात आलं. तिनं अर्ज आणून दिला. शालिग्राम म्हणाला, मला ऐकू येतं.

पुंजाजीनं वेगळीच भीती घातली. तो शालिग्रामच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "कायले खाजवून राह्यला बे? बोर्डापुढं गेला की गुडघाही पुन्हा तपासतीन. आहे तेही जाईन. अन् ते बयासी-चौंतीस निघालं तं दोघंही खोटे ठरू."

तो अर्ज चार महिने माझ्या पायाखाली होता. शालिग्राम दिवसातून चारदा मला उचलायचा, अर्ज वाचायचा, पेन काढायचा आणि पुन्हा मला त्यावर ठेवायचा. कधी म्हणायचा भरतो, कधी म्हणायचा फाडतो. त्या उचलठेवीनं माझा ट्यूबचा पायही सैल झाला. शेवटी अनुपमानं रजा काढली आणि एक दिवस ठरवला. पहिल्या बसनं बाबांनी बुलढाण्याला यायचं, माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या साहेबांशी बोलायचं आणि काय ते ठरवायचं.

नेमकी त्याच वेळी पंचफुला बहिणीकडे सुलतानपूरला गेली होती.

मी साडेचारला वाजलो. जीव तोडून वाजलो. शेजारची म्हातारी कौशल्याबाई जागी होऊन खोकली. शालिग्राम उठला तो ऊन खिडकीत आल्यावर. मोबाइलवर मुलीचे अकरा फोन येऊन गेले होते. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की माझा काटा जागच्या जागी थरथरला. "शेवटी तूही दगा देल्ला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खोटा म्हटलं आणि मी खरा होतो.

त्यानं मला पिशवीत टाकून चिखलीला नेलं. घड्याळजीनं मला उलटसुलट केलं, गजराची किल्ली बोटानं फिरवली. ती पार सैल होती. तो म्हणाला, "काका, हे वाजून गेलं आहे. किल्ली सारी उतरली, पाहा." शालिग्रामनं मान हलवली. त्याला पटलं नव्हतं. मग घड्याळजीनं किल्ली भरली, गजर लावला आणि मला काउंटरवर ठेवलं. मी वाजलो. दुकानातली माणसं वळून पाहायला लागली, बाहेरचा एक कुत्रा उठून गेला. शालिग्राम वाकून माझ्याकडे बघत होता. हातोडा दोन्ही घंटांवर आपटतो आहे, हे त्याला दिसत होतं. त्यानं एक बोट घंटेला लावलं.

"वाजून राह्यलं का आता?" त्यानं विचारलं.

 घड्याळजीनं होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी पंचफुला परत आली. शालिग्राम मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं असावं. तो म्हणाला, "कोण उठवते मले?"

ती समोर येऊन बसली, त्याला ओठ दिसतील अशी. म्हणाली, "मी."

"अन् सांगितलं काऊन नाई?"

"तुमाले तुमच्या घड्याळाचा लय अभिमान होता."

तो हसला नाही, रागावलाही नाही. बराच वेळ माझ्या घंटेवर बोट फिरवत राहिला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी अनुपमा आली आणि अर्ज भरायला बसली. पुंजाजीलाही बोलावलं होतं. शालिग्राम म्हणाला, गुडघा तपासायचा तर खुशाल तपासू द्या, तो काही बरा झालेला नाही. आणि शेवटच्या तपासणीत मी शब्द पाठ करून म्हटले, हेही लिही. पुंजाजी चुळबुळला, चहा थंड होऊ दिला. मग स्वतःच म्हणाला, "माह्यंही नाव टाक. मीच सांगितले होते."

एका रकान्याशी अनुपमा अडली. ऐकू येणं केव्हापासून बंद झालं? शालिग्रामनं खूप आठवून पाहिलं. त्याला सांगताच येईना. त्यानं पंचफुलाकडे पाहिलं. ती चुलीजवळूनच म्हणाली, "घरी आले त्या सालच्या दिवाळीच्या चौथ्या दिवशी पयल्यांदा उठवलं मी. तवापासून एक दिवस खाडा नाई."

अनुपमाचं पेन थांबलं. शालिग्रामला ते ऐकू गेलं नव्हतं. मुलीनं त्याच्या हाताला हात लावून ते मोठ्यानं सांगितलं, आणि माझ्यासमोर त्या फौजी माणसानं डोळ्यांना धोतराचा सोगा लावला.

मित्रांनो, दावा मंजूर होईल की नाही, कुणास ठाऊक. मी रोज दाराकडे काटे लावून बसतो. पण तुमच्या घरात कुणाला सगळं दोनदा सांगावं लागत असेल, तर त्याचा मान राखायचा म्हणून गप्प राहू नका. समोर बसा, ओठ दिसू द्या आणि सांगा. माझ्यासारखी खोटी स्तुती खाऊ नका.

गजर अजून साडेचारचाच आहे. आता शालिग्राम किल्ली भरताना पंचफुलाला सांगतो, "वाजलं की मले उठवजो." ती मान हलवते, आणि तो निर्धास्त झोपतो.